विसाव्या फुटावरचा आवाज

डॉक्टरीणबाई आणि भोंगा यांची पहिली भेट झाली तेव्हा दोघांच्या मध्ये एक भिंत, एक बंद खिडकी, दोन जिने आणि अर्धा रस्ता होता. तरीही भेट झाली. बाईंनी कान-नाक-घशाचा दवाखाना उघडून तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते, आणि त्या सहा आठवड्यांत आलेल्यांपैकी निम्मे पेशंट दार चुकून आलेले होते. त्यांना शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. त्या दिवशी मात्र खरीखुरी पेशंट समोर बसली होती. अकरा वर्षं ठार बहिऱ्या असलेल्या एक आजीबाई. बाईंनी त्यांच्या कानाशी घंटी वाजवली, टाळ्या वाजवल्या, शेवटी स्टीलचा ट्रे जमिनीवर आपटला. आजी आपल्या शांतपणे स्वतःची नखं न्याहाळत होत्या. बाईंनी कागदावर 'दोन्ही कान निकामी' असं लिहिलं, त्याखाली रेघ ओढायला घेतली, आणि रेघ पुरी होते न होते तोच रस्त्यावरून आवाज आला:

"धाऽऽऽर! सुरी, कात्री, वस्तराऽऽ, धाऽऽऽर!"

खिडकीच्या काचा थरथरल्या. कपाटातल्या औषधाच्या बाटल्या घाबरून एकमेकींना खेटल्या. कान तपासायचे लोखंडी नादकाटे, ज्यांना एरवी गुडघ्यावर आपटल्याशिवाय आवाज फुटत नाही, ते खिळ्याला टांगल्या टांगल्या आपले आपण गुणगुणू लागले. समोरच्या इमारतीत सकाळपासून रडत असलेलं एक तान्हं बाळ एकदम गप्प झालं, बहुधा न्यूनगंडाने. आणि अकरा वर्षं ठार बहिऱ्या असलेल्या आजींनी नखांवरची नजर उचलली आणि त्या सुनेला म्हणाल्या, "अगं, आपली शिवणाची कात्री बोथट झालीय ना? थांबव त्याला."

पुढे बावीस वर्षं बाई ही गोष्ट अशीच सांगत आल्या. बाळाचा भाग त्यांनी मागाहून घातला असावा. आजींचा मात्र खरा आहे, कारण 'निकामी' हा शब्द खोडलेला तो कागद बाईंनी जपून ठेवला होता.

तर बाईंनी खिडकी उघडली आणि हाक मारली, "अहो धारवाले! वर या."

धारवाला खांद्यावर धार लावायचं चाक घेऊन दोन जिने चढून आला. बाईंना वाटलं होतं, कुणीतरी पिंपासारखा माणूस असेल. आला तो इतका काटकुळा, की चाकाने माणूस उचलून आणलाय असं वाटावं.

"कशाला धार लावायची?" त्याने विचारलं. ट्रेमधला कापूस हलला.

"कशालाच नाही. तुम्हाला हळू बोलता येतं का?"

"येतं की," धारवाला म्हणाला, खरोखरच हळू. "आजवर कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो दवाखान्यात कामाला लागला. चाक जिन्याखाली राहिलं. नाव होतं त्याला, आईबापांनी हौसेने ठेवलेलं, पण आठवड्याभरात सगळे त्याला भोंगा म्हणू लागले. बाई मोठ्या घरच्या रीतीने 'भोंगेराव' म्हणायच्या आणि अहोजाहो करायच्या.

कान किती ऐकतो हे मोजायचं यंत्र असतं, आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या हॉस्पिटलात होतं. बाईंकडे होती एक लांबलचक, बोळासारखी खोली. भोंग्याने तिच्या फरशीवर दर फुटाला एक असे वीस पिवळे पट्टे रंगवले. पेशंटला एका टोकाला स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसवायचं, म्हणजे त्याला ओठ दिसू नयेत. एका कानात बाई स्वतः बोट घालून ते हलवत राहायच्या, म्हणजे तो कान चुगली करू नये. भोंगा विसाव्या पट्ट्यावर उभा राहून एक शब्द बोलायचा. पेशंटने तो परत म्हटला नाही, की एक फूट पुढे यायचं, दुसरा शब्द बोलायचा. आधी कुजबुजून, मग साध्या आवाजात. पेशंट जिथे पहिल्यांदा बरोबर बोलेल तो आकडा बाई रजिस्टरात लिहायच्या. दोन रकाने: कुजबूज आणि बोलणं. दोन्ही रकाने कोरे राहिले, तर तिसरा उपाय म्हणजे मूळचा भोंगा. तो वर्षातून चार-पाचदाच काढावा लागे आणि त्यापूर्वी शेजारच्या दातांच्या डॉक्टरला निरोप द्यावा लागे, कारण एकदा न सांगता काढला तेव्हा त्याच्या हातून भलताच दात आला होता.

कुणाला वाटेल यात काय एवढं. पण रोज तोच आवाज, तितकाच, न जाड न बारीक, बावीस वर्षं काढून दाखवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. भोंगा आपल्या आवाजाला वाण्याच्या वजनासारखा वागवायचा. सर्दी झाली तर सकाळी आल्या आल्या सांगायचा, "बाई, आज मी एक फूट कमी आहे. धरून चाला." आणि बाई त्या दिवशी प्रत्येक आकड्यात एक मिळवायच्या.

शब्दही त्याचे ठरलेले. सुरी, खिळा, उशी, चौदा, दगड. काही पेशंट तरबेज होते. आधीच्या खेपेचे शब्द पाठ करून यायचे. त्यांच्यासाठी भोंगा मध्येच 'सासूबाई' म्हणायचा. बहुतेकजण दचकून मागे वळत.

बाहेरच्या बाकांवर तर त्याचंच राज्य होतं. गळा धरून आलेला एखादा ट्रकवाला कुरकुरायचा, "मला घशाचं दुखणं आणि पाठवलंय कानाच्या डॉक्टरकडे. इथे तर कानातला मळ काढतात ना?"

"साहेब," भोंगा म्हणायचा, "तुमच्या घरात खोल्या किती?"

"तीन."

"मधे दारं आहेत?"

"आहेत की."

"स्वयंपाकघरात काही करपलं तर झोपायच्या खोलीत वास येतो की नाही? तसंच आहे. कान, नाक, घसा, तीन खोल्या, घर एकच. नाकातून कानाला आतून बोळ आहे. सर्दी झाली की कान का ठणकतो? त्या बोळातून. घसा दुखला की कानात कळ का येते? शेजार. म्हणून तिन्ही खोल्यांना एकच डॉक्टर. चक्कर येते ना, तीसुद्धा पुष्कळदा कानातनं येते. लोक डोक्याचे फोटो काढत फिरतात." मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवायचा. तो तक्ता रोज सकाळी तोच पुसायचा. "आणि हे वाचा. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर दाखवायचा. बसलेल्या आवाजाला घरगुती काढे पाजत बसायचं नाही."

"तुम्हीच डॉक्टर का?" ट्रकवाला विचारायचा.

"छे! डॉक्टर आत आहेत. त्या एवढं बोलत नाहीत."

त्याची बायको त्याच्या अगदी उलट. तिचा आवाज इतका बारीक, की तिला विसाव्या पट्ट्यावर उभं केलं असतं, तर सगळं शहर बहिरं निघालं असतं. घरातली भांडणं, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, अशी व्हायची: ती काहीतरी म्हणायची, त्याला ऐकू यायचं नाही, तो "काय?" म्हणायचा, आणि शेजारीण भिंतीवर लाटणं ठोकायची.

बाविसाव्या वर्षाच्या आरंभी भोंगा एका सकाळी म्हणाला, "बाई, आज एक फूट कमी आहे."

"सर्दी?"

"सर्दी नाही तशी. घसा धरलाय."

बाईंनी एक मिळवला. दुसऱ्या दिवशी तो तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बाहेर तीस माणसं खोळंबली होती, त्यात दोन रडणारी पोरं होती, एकीने नाकात शेंगदाणा घातला होता आणि एकाने मणी. भोंग्याने दारातून मान आत घातली. "बाई, आज पण एक फूट—"

"भोंगेराव," बाई डोकं वर न करता म्हणाल्या, "रोजच एक फूट कमी असाल, तर तीच तुमची उंची."

भोंगा हसला. शेंगदाण्याची आईसुद्धा हसली. थट्टा चांगलीच होती. भोंग्याने ती संध्याकाळी घरी बायकोला सांगितली. आणि पाचव्या दिवसापासून त्याने फुटाचं सांगणं बंद केलं. रोज उठून तेच रडगाणं काय गायचं, असं त्याला वाटलं.

त्यानंतरच्या महिन्यांत दवाखान्यात एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. लोक बहिरे होऊ लागले. मागच्या वर्षी चौदा फुटांवर ऐकणाऱ्या शिक्षिका अकरावर आल्या. बारावर असलेला छापखान्यातला माणूस आठवर आला. कान फुटून बरा झालेला एक पोरगा, ज्याला विसावरून शब्द यायचा, तो सोळाला अडखळला. बाई चक्रावल्या. समोर नव्या इमारतीचं काम चाललं होतं. त्यांनी बोळाच्या खोलीला जाड पडदे लावले. पडद्यांनी काही फरक पडला नाही. मग त्यांनी पेशंटना त्या मोठ्या हॉस्पिटलात यंत्रावर पाठवायला सुरुवात केली. तिथून एकामागून एक कागद आले: फरक नाही. आधी होतं तेवढंच ऐकू येतं.

त्या हॉस्पिटलात घशाची शस्त्रक्रिया करणारा जो मोठा सर्जन होता, तो बाईंचा वर्गमित्र. सहा फूट दोन इंच. त्याला सगळं कॉलेज लंबू म्हणायचं, बाई अजूनही म्हणायच्या. बाईंनी त्याला फोन लावला.

"लंब्या, तुमचं कानाचं यंत्र बिघडलंय."

"अगं, परवाच तपासून घेतलंय ते."

"मग यंत्रावर बसणारा बिघडलाय. माझ्याकडे बारावर ऐकणारा माणूस आठवर आलाय, आणि तुमचा कागद म्हणतो फरक नाही."

"तुझ्याकडे मोजतं कोण?"

"भोंगेराव."

"मग भोंगेरावांचं बिघडलं असेल."

"बावीस वर्षांत त्यांचं बिघडलेलं नाही," बाई ठसक्यात म्हणाल्या. "तेवढ्या काळात तुमची तीन यंत्रं भंगारात गेली."

आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी हॉस्पिटलच्या कचेरीला एक कडक पत्र लिहिलं. रुग्णांच्या जिवाशी खेळ, बेजबाबदारपणा, असे मोठेमोठे शब्द घालून. पाकीट पोस्टात टाकायला भोंगाच गेला.

त्याच सुमारास एके दुपारी भोंग्याची बायको आली. तिच्या हातात बागेतली चार फुलं होती. बाईंच्या टेबलावर ती ठेवून ती म्हणाली, आणि बाईंना पुढे वाकून ऐकावं लागलं, "डॉक्टरीणबाई, यांना काय औषध दिलंत हो?"

"कसलं?"

"घरात हल्ली माणसासारखं बोलतात. हळू. शेजारीणसुद्धा परवा म्हणाली, देव पावला म्हणून. मला वाटलं तुम्हीच काहीतरी केलंत."

बाई खळखळून हसल्या. "मी काही नाही केलं. वय झालं की पुरुष शहाणे होतात. उशिरा होतात, पण होतात."

बायको लाजली. बाईंनी तिला चहा पाजला.

घड्याळजी वर्षातून एकदाच यायचे. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करणारा हा गृहस्थ फार काटेकोर. कानातला मळसुद्धा दरवर्षी त्याच तारखेला काढून घ्यायचा. मळ निघाला, की 'आता मोजून घ्या' म्हणायचा, पावती नीट तपासावी तसा. त्याप्रमाणे ते स्टुलावर बसले, भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी कानात बोट घातलं.

"खिळा," कुजबूज आटोपल्यावर मागून साध्या आवाजात शब्द आला.

"खिळा," घड्याळजी म्हणाले. "बरं. नवा माणूस ठेवलात वाटतं? भोंगा कुठे गेला?"

"अहो, मीच आहे," मागून भोंगा म्हणाला.

घड्याळजी स्टुलावरच गर्रकन वळले. भोंग्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "हे? आणि तुम्हाला हे ठीक वाटतंय?"

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"मी वर्षातून एकदा ऐकतो यांना. गेल्या साली इथे बसलो होतो, तर हाडात घुमलं होतं. आज कुणीतरी पोत्यातून बोलतंय." त्यांनी भिंगवाला डोळा बारीक केला. "डॉक्टरीणबाई, माझ्याकडे लोक घड्याळ आणतात, रोज पाच सेकंद मागे पडणारं. मालकाला कधी कळत नाही. कारण तो त्याच्यावरच उठतो, त्याच्यावरच जेवतो. बाहेरच्या माणसाची गाडी चुकते तेव्हा कळतं."

घड्याळजी गेल्यावर बाईंनी बोळाच्या खोलीचं दार लावलं. मग त्या स्टुलावर जाऊन बसल्या, भिंतीकडे तोंड करून. बावीस वर्षांत त्या स्टुलावर त्या कधी बसल्या नव्हत्या.

"भोंगेराव, विसावर जा."

"बाई, बाहेर लोक—"

"जा म्हणते ना."

चपला सरकत गेल्याचं त्यांना ऐकू आलं. मग "उशी." मग "दगड." मग "चौदा." बाईंनी डोळे मिटले होते. तोंड दिसत नव्हतं, ती ओळखीची काटकुळी आकृती दिसत नव्हती, फक्त आवाज येत होता, आणि तो एका घोगऱ्या, दमलेल्या, अनोळखी माणसाचा होता.

त्या उठल्या आणि रजिस्टरं काढून बसल्या. आठ महिन्यांची पानं. 'बोलणं'चा रकाना प्रत्येकाचा खाली आला होता. 'कुजबूज'चा रकाना कुणाचाच हलला नव्हता. शिक्षिका कुजबूज तीन फुटांवर ऐकायच्या, अजूनही तीन. छापखान्यातला माणूस दोन, अजूनही दोन. कुजबुजीला घशातल्या पट्ट्या लागत नाहीत; ती नुसत्या श्वासाने होते. बोलायला पट्ट्या लागतात. कुजबूज पूर्वीइतकीच ऐकू यावी आणि बोलणं तेवढं कमी व्हावं, असा आजार कानाला होतच नाही. सगळं त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईत, ओळीने लिहिलेलं होतं.

"भोंगेराव, आरसा."

घशात बघायचा तो छोटा गोल आरसा, लांब दांडीचा. श्वासाने धुरकटू नये म्हणून ज्योतीवर शेकून घ्यावा लागतो. भोंग्याने सवयीने तो शेकला, सवयीने स्वतःच्या मनगटावर टेकवून फार गरम नाही ना ते बघितलं, बाईंच्या हातात दिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आज खुर्चीत आपण बसायचंय.

"जीभ बाहेर. 'ई' म्हणा."

"ईऽऽ."

डावी पट्टी मधे सरकली. उजवीवर खरखरीत, पांढुरकी वाढ होती, आणि ती जागची हलली नाही. बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा नाही. त्यांनी आरसा बाहेर काढला, ट्रेमध्ये ठेवला आणि हात धुवायला वळल्या.

"वाजला नाही," भोंगा म्हणाला.

"काय?"

"आरसा. एरवी तुम्ही टाकता ट्रेत, वाजतो. वाईट असलं की ठेवता. बावीस वर्षं पडद्यापलीकडून ऐकतोय मी."

बाईंनी हाताला पुन्हा साबण लावला. नळ चालू होता.

"पट्टी हलते का?" त्याने विचारलं.

"नाही."

भोंग्याला पुढचं विचारायची गरज पडली नाही. हलणारी पट्टी आणि न हलणारी पट्टी यांतला फरक त्याने बाईंना दुसऱ्यांच्या नातेवाइकांना अनेकदा समजावताना ऐकलं होतं. आपल्या जिन्यामागच्या रोजच्या दोन सिगारेटी बाईंना ठाऊक आहेत, हेही त्याला ठाऊक होतं. तो उठला, आरसा उकळायला टाकला आणि बाहेर जाऊन पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला. नंबर दोनदा पुकारावा लागला.

लंबूने दुर्बीण घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि आठवड्याने तिघांना समोर बसवलं: भोंगा, त्याची बायको, आणि बाई. बाई नातेवाइकांच्या बाकावर बसल्या होत्या. लंबूने सावकाश सांगितलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला पुढून भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. अन्न तोंडातूनच जाईल. सगळं नीट झालं तर माणूस वाचेल.

"बाई," भोंगा लंबूकडे न बघता म्हणाला, "हे तुमच्या भाषेत झालं. माझ्या भाषेत सांगा. किती फूट उरेल?"

बाई बाकावर त्याच्याकडे वळल्या.

"शून्य, भोंगेराव."

"कुजबूज?"

"तीही नाही. तिला लागणारी हवा आता तोंडात येणार नाही."

बायको काहीतरी म्हणाली. कुणालाच ऐकू आलं नाही, आणि "काय?" असं कुणी विचारलं नाही.

नंतर व्हरांड्यात बाईंनी लंबूला गाठलं. "आठ महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?"

लंबूने चष्मा पुसला. "तर किरणांवर भागलं असतं. आवाज थोडा जाड झाला असता. राहिला असता." मग म्हणाला, "चहा घेतेस?" कडक पत्राबद्दल तो एक अक्षरही बोलला नाही. बाईंना वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाईंना एक कल्पना सुचली. निदान तपासणीपुरता तरी आवाज राखावा. त्यांनी मोबाइल विसाव्या पट्ट्यावर ठेवला आणि भोंग्याकडून सगळे शब्द म्हणवून घेतले. सुरी, खिळा, उशी, चौदा, दगड, सासूबाई. मग दोघांनी स्टुलाशी उभं राहून ते ऐकलं.

"हा कोण म्हातारा?" भोंगा म्हणाला.

बाईंनी ते पुसून टाकलं. मग जुना आवाज कुठे सापडतो का याची शोधाशोध झाली. बायकोकडे नव्हता, पोरीकडे नव्हता, शेजारणीकडे तर नव्हताच. बावीस वर्षांत तो आवाज साठवून ठेवावा असं कुणाला सुचलं नव्हतं. तो जरा कमी करा, एवढंच सगळे त्याला सांगत आले होते. राहिले होते ते रजिस्टरातले आकडे. चौदा फूट, बारा फूट, वीस फूट.

ऑपरेशन नीट झालं. तीन महिन्यांनी भोंगा कामावर आला. गळ्यावर जाळीचा रुमाल, हातात पोरांची पाटी, खिशात खडू आणि एक पितळी घंटी. नंबर पुकारायच्या ऐवजी तो घंटी वाजवायचा. पण बाकांवर बसलेल्यांतल्या निम्म्यांना ती ऐकूच जायची नाही, तेव्हा तो प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून नंबर दाखवत फिरायचा. लंबूने त्याला गळ्याला लावून बोलायचं एक छोटं बॅटरीचं यंत्र दिलं होतं. त्याने ते एकदाच लावलं. आतून डबा घासल्यासारखा आवाज आला. पाटीवर त्याने लिहिलं, 'हा माझा नाही', आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं.

घरी आता बायकोला दोघांचं बोलावं लागे. दूधवाल्याशी, घरमालकाशी, पोरीच्या सासरच्यांशी. तिचा आवाज काही वाढला नाही. लोकच पुढे वाकायला शिकले.

बाईंनी त्या आठ महिन्यांतल्या एकेका पेशंटला पत्र लिहायला घेतलं. तुमचा कान पूर्वीइतकाच चांगला आहे, चूक आमच्या मोजण्याची होती, पुन्हा तपासून घ्या. पहिलं माफीचं पत्र हॉस्पिटलच्या कचेरीला गेलं. भोंगा समोर बसून पाकिटं चिकटवत होता. सतराव्या पाकिटाशी बाई थांबल्या.

"भोंगेराव, त्या दिवशी मी तुमच्या उंचीची थट्टा केली. म्हणून तुम्ही सांगायचं थांबलात. हो ना?"

भोंग्याने पाटी घेतली. खडू बोटांत फिरवला. मग त्याने लिहिलं, 'थट्टा चांगली होती.' बाईंनी वाचलं तशी त्याने ती बाहीने पुसली आणि पुढच्या पाकिटाकडे हात केला.

पत्रं गेली. बोलावलेल्यांपैकी नऊजण पुन्हा तपासायला आले.

भोंगा ऑपरेशननंतर एकोणीस महिने जगला. दवाखान्यात कान मोजायचं यंत्र आलं आहे, फरशीवरचे पट्टे तसेच आहेत, आणि विसाव्या पट्ट्यावर आता पिण्याच्या पाण्याचं पिंप ठेवलेलं असतं.